दार उंचीला वाढत नाही

"मिस्त्री, ह्या दाराचं माझ्याशी काय वाकडं आहे ते एकदा विचारून घ्या," मास्तरीणबाई पलंगावर बसल्या बसल्या म्हणाल्या. "घरात मी एकटी, आणि कोंडतं तेही मलाच."

मिस्त्री हसले नाहीत. गुडघ्यावर बसून ते खालच्या बिजागरीचे स्क्रू सोडवत होते. सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या या निजायच्या खोलीचे दार वर्षभरात त्यांनी तिसऱ्यांदा उतरवायला घेतले होते. पहिल्या वेळी बाईंनी हवेला दोष दिला, दुसऱ्या वेळी लाकडाला, आणि आता दाराच्या स्वभावाची पाळी होती. शाळा सुटून कितीतरी वर्षे झाली होती तरी बाईंची वर्गातली सवय सुटली नव्हती. चूक कोणाच्या तरी पदरात घातल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

दार उतरवून त्यांनी दोन खुर्च्यांवर आडवे टाकले आणि बोटाने चारही कडा चाचपल्या. कडीकडची बाजू कोरडी होती, रंग जसाच्या तसा. घासले होते ते वर. वरच्या कडेचा रंग पार गेला होता आणि आतले लाकूड चकाकत होते.

मिस्त्रींचे एक ठरलेले वाक्य होते. गिऱ्हाईक दमट हवेच्या नावाने खडे फोडू लागले की ते हातातले काम थांबवून सांगत, "लाकूड फुगतं ते रुंदीत. दार उंचीला वाढत नाही." हे वाक्य त्यांनी इतक्या घरांत आणि इतक्या वेळा सांगितले होते, की त्यांची बायको ते झोपेतही म्हणून दाखवील. दार वर घासत असेल तर दाराला बोलू नका, चौकट बघा, असा त्याचा मतलब.

आज ते वाक्य त्यांच्या तोंडून निघाले नाही. त्यांनी रंधा उचलला आणि वरच्या कडेवर चालवला. हात सराईत होता. पातळ, कुरळ्या साली एकामागून एक खुर्चीखाली पडू लागल्या आणि खोलीत लाकडाचा जुना, गोडसर वास पसरला. तेवढ्यात त्यांच्या पाठीमागे, रिकाम्या चौकटीच्या वर कुठेतरी, कट् असा आवाज झाला. कोणी सुपारी फोडावी एवढाच.

"काय हो ते?" बाईंनी विचारले.

"काही नाही. दार निघालं की चौकट जरा मोकळी होते."

चौकटी अशा मोकळ्या होत नसतात. मिस्त्रींना ते चांगले ठाऊक होते. पण बाईंना ते ठाऊक नव्हते, आणि ज्याला ठाऊक नाही त्याचे समाधान करायला फार हुशारी लागत नाही. त्यांनी दार बसवले, दोनदा उघडून मिटून दाखवले, आणि सगळ्या साली पिशवीत गोळा केल्या. या इमारतीतून लाकडाची एक साल बाहेर जायची सोय नव्हती. तो त्यांच्या बायकोचा नियम होता.

तो नियम समजायला थोडे मागे जायला हवे. मिस्त्री आणि त्यांची बायको तळमजल्यावर जिन्याखालच्या खोलीत राहत. इमारतीची बारीकसारीक दुरुस्ती मिस्त्रींनी करायची आणि खोली वापरायची, असा जुना बोलीचा व्यवहार. मिस्त्रींना सगळे ओळखत. दार अडले की माणसाला सुताराची आठवण होतेच. त्यांच्या बायकोला मात्र कोणी ओळखत नव्हते. जिन्यात कोणी समोरून आले की ती भिंतीला चिकटून उभी राही आणि लोक निघून जात. ती घुमी आहे, असे लोकांचे मत होते. मिस्त्रींचेही जवळपास तेच मत झाले होते.

मग शहरात ती योजना आली. घरोघरच्या अंगणात, सज्जात, गच्चीत झाडे वाढवा, हवेतला कार्बन झाडांत आणि मातीत धरून ठेवा. ज्या घराने जास्त धरला त्या घराचा मान. तपासायला योजनेच्या खात्यातली एक चुणचुणीत मुलगी येई. तिला सगळे तपासणीताई म्हणत. पहिल्या बैठकीला ताईंनी समजावून सांगितले की झाड धूर खाते खरे, पण पाला जाळला किंवा कचऱ्यात फेकला की खाल्लेले सगळे पुन्हा हवेत जाते. बैठकीला जमलेल्यांनी माना हलवल्या आणि चहा घेऊन ते घरी गेले. मागे दाराशी उभ्या असलेल्या मिस्त्रीणीने मात्र ते वाक्य पदरी बांधले.

तिने गच्ची मागून घेतली. दुसऱ्या कोणाला नकोच होती. पहिल्या वर्षी चार वाफे झाले, मिस्त्रींनी त्यांना फळ्यांची कड करून दिली. मग वाफे वाढले, झाडे वाढली, आणि नियम झाला: गच्चीवरचे काही खाली जायचे नाही. पाला मातीत. छाटलेल्या फांद्या जुन्या पिंपात कोंडून अर्धवट जाळायच्या आणि त्यांचा कोळसाही मातीत. कोळसा कुजत नाही, कार्बन धरून बसतो, हे ताईंनीच सांगितले होते. घराघरांतली भाजीची देठे, मिस्त्रींचा भुसा, मास्तरीणबाईंची जुनी वर्तमानपत्रे, सगळे वर जाई आणि खाली काही येत नसे. माती चढत गेली. दर वर्षी मिस्त्री वाफ्यांवर एकेक फळी चढवत. घमेल्याने माती वर नेताना बायको जिन्याच्या तोंडाशी म्हणे, "अहो, हात लावा," आणि मिस्त्री घमेले तिच्या डोक्यावर ठेवून दुसरे स्वतः उचलत.

सुरुवातीला गुडघ्याला लागणारी फळी आता कमरेला लागत होती. आणि मिस्त्रीची बायको आता बागवाल्या बाई झाली होती. लोक जिन्यात तिच्यासाठी बाजूला होत. इमारतीच्या सेक्रेटरींनी फाटकावर चकचकीत फलक लावला होता: या घराने धूर जमिनीत धरून ठेवला आहे. एकदा एका नव्या भाडेकरूने मिस्त्रींना विचारले होते, "तुम्ही बागवाल्या बाईंचे मिस्टर ना?" मिस्त्री ते बायकोला सांगायला गेले आणि ती इतकी हसली की तिला पायरीवर बसावे लागले. लग्नाला एवढी वर्षे झाली, पण तिचे असे हसणे त्यांनी पहिल्यांदाच पाहिले.

आता अशा माणसाला जाऊन काय सांगायचे?

सालींची पिशवी घेऊन मिस्त्री गच्चीवर गेले तेव्हा ती मधल्या वाफ्याशी ओणवी होऊन माती चाचपत होती.

"बघा तरी," ती म्हणाली. "ह्या मधल्या वाफ्याला मी पाणीच घालत नाही. तरी कायम ओला. सगळीकडचं पाणी आपसूक इथं येतं. देवाची करणी म्हणायची."

मिस्त्रींनी पाहिले. गच्चीचे पाणी कडेच्या भोकातून खाली जावे असा उतार बांधणाऱ्याने दिलेला होता. ते भोक कोरडे होते, त्यात कोळ्याने जाळे केले होते. पाणी कडेकडे जायचे सोडून मध्ये जमत होते. मधल्या वाफ्याच्या बरोबर खाली मास्तरीणबाईंची निजायची खोली होती.

"हं," मिस्त्री म्हणाले, आणि पिशवी वाफ्यात रिकामी केली.

ओले महिने संपले. कोरडा वारा सुटला, ओठ फुटू लागले, आणि इतर ठिकाणी मिस्त्रींना उलट्या तक्रारी येऊ लागल्या: दारे सैल झाली, फटी पडल्या, वारा आत येतो. त्याच दिवसांत मास्तरीणबाईंच्या खालच्या मजल्यावरच्या तरुण जोडप्याने त्यांना बोलावले. घरात तान्हे मूल होते आणि दार ओढताना ते दचकून उठत होते. दार वरच्या कडेला घासत होते.

"दमट हवेनं फुगलं असेल ना, काका?" मुलाच्या आईने विचारले. तिच्या हातावरची कातडी वाऱ्याने पांढरी पडली होती.

"असेल," मिस्त्री म्हणाले.

धरले तर चावते आणि सोडले तर पळते, अशी गत झाली होती. सांगावे तर बाग जाईल, आणि बाग गेली की ती पुन्हा भिंतीला चिकटून उभी राहील. न सांगावे तर... पण त्या 'तर'च्या पुढे मिस्त्री मन जाऊ देत नसत. त्यांनी स्वतःची समजूत घातली की जुने बांधकाम आहे, बसायचे तेवढे बसले असेल. तपासणीताईंनी एकदा विचारले होते की स्लॅब एवढे वजन पेलेल ना, तेव्हा सेक्रेटरी छाती पुढे काढून म्हणाले होते की आमची इमारत जुन्या काळची आहे, ती हत्तीलाही भीक घालत नाही. शिकलेला माणूस म्हणतो तर असेल, असे मिस्त्री मनाशी म्हणाले. खरे तर त्यांना तेच ऐकायचे होते. त्यांनी रंधा मारला. दार अलगद मिटले. मुलाची आई खूश झाली.

घराला बोलायला तोंड नसते. ते दारांतून बोलते. आणि मिस्त्री एकेका दाराचे तोंड गोड करून मिटवत चालले होते.

एकदा त्यांनी धीर केला. जेवण झाल्यावर बायको पुढच्या वर्षीच्या फळ्यांची मापे सांगत होती.

"या वर्षी फळी नको चढवू या," ते म्हणाले.

"का?"

"माती फार झाली असं वाटतं."

"माती कधी फार होते का?" ती हसली. मग गंभीर झाली. "अहो, परवा ताई म्हणाल्या, सगळ्या शहरात आपली गच्ची नमुना म्हणून दाखवणार. लोक येणार बघायला. मला म्हणाल्या, चार शब्द तुम्हीच बोलायचे. मी! मला वाटलं होतं, मी आपली अशीच जाणार. आले काय, गेले काय, कोणाला पत्ता नाही."

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी फळ्या कापल्या.

कार्यक्रमाचा दिवस ठरला. आदल्या दिवशी तिने सगळ्या वाफ्यांना मनसोक्त पाणी पाजले. पाहुण्यांसमोर एक पान मान टाकता कामा नये, असा तिचा आग्रह होता. पाइप दुपारपर्यंत चालू होता. मिस्त्री जिन्यात उभे राहून ऐकत होते. पाणी वाफ्यांत पडत होते, पण खाली उतरणाऱ्या नळकांड्यातून थेंबाचाही आवाज येत नव्हता. सगळे वरच राहिले होते.

सकाळी तिने ठेवणीतली साडी नेसली. गच्चीवर खुर्च्या गेल्या, माणसे चढू लागली. सेक्रेटरी फाटकाशी उभे राहून प्रत्येकाला सांगत होते की लिफ्ट नाही, पण वर गेल्यावर शीण उतरेल. मिस्त्री शेवटच्या खुर्च्या घेऊन वरच्या मजल्यावर पोचले, तेव्हा मास्तरीणबाईंच्या घरातून दार ठोकल्याचा आवाज येत होता.

बाहेरचे दार सकाळी दूध घ्यायला उघडलेले तसेच होते. निजायच्या खोलीचे बंद होते, आणि बाई आत होत्या.

"मिस्त्री, तुम्ही का? अहो, हलत नाही हे. सकाळपासून हाका मारतेय." बाईंच्या आवाजात नेहमीची थट्टा नव्हती. "आणि वरून काहीतरी पडतंय. बारीक बारीक. माझ्या उशीवर."

मिस्त्रींनी खांदा लावला. दार तसूभरही हलले नाही. त्यांनी पटाशी आणून वरच्या फटीत घालू पाहिली, पण फटच नव्हती. त्यांनीच तीनदा तासून केलेली फट चौकटीने मिटवून टाकली होती. शेवटी बिजागऱ्यांच्या मधल्या सळया ठोकून काढल्या, खालून पहार घातली आणि दार उपटून बाहेर ओढले. ते निघाले त्या क्षणी वरची चौकट बोटभर खाली आली. पलंगाच्या बरोबर वर, छताच्या मधोमध, ओल धरलेला एक मोठा डाग होता आणि त्यातून एक चीर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेलेली होती. चिरेतून पाणी ठिबकत होते. मातकट पाणी.

वर खुर्च्या सरकल्याचे, माणसे हसल्याचे आवाज येत होते.

मिस्त्रींनी बाईंचा हात धरला, त्यांना जिन्यात आणले आणि खाली जायला सांगितले. स्वतः ते वर गेले. सभेत बोलायची त्यांना कधी सवय नव्हती. चार माणसे एकदम पाहू लागली की त्यांची जीभ टाळ्याला चिकटे. गच्चीच्या दारात ते उभे राहिले. पन्नासेक माणसे होती. तपासणीताईंनी नुकतीच बायकोची ओळख करून दिली होती आणि ती मधल्या वाफ्याशेजारी उभी राहून घसा साफ करत होती. तिने त्यांना पाहिले आणि तिला वाटले, ते ऐकायला आले आहेत. तिचा चेहरा उजळला.

मिस्त्री माणसांतून वाट काढत तिच्यापाशी गेले. तिच्या कानाशी तोंड नेऊन त्यांनी आयुष्यभराचे तेच वाक्य सांगितले.

"अगं, दार उंचीला वाढत नाही."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिची नजर हळूहळू मधल्या वाफ्याकडे गेली, तिथे तुंबलेल्या पाण्याकडे गेली, कडेच्या कोरड्या भोकाकडे गेली. तिला दुसरे काही सांगावे लागले नाही. चार शब्द तिने महिनाभर पाठ केले होते.

मग ती लोकांकडे वळली. आवाज जराही चढला नाही.

"मंडळी, कार्यक्रम खाली अंगणात आहे. चहाही तिथंच. घाई करू नका, एकेक जण उतरा. कडेकडेनं चला. घराघरांत कोणी राहिलं असेल तर त्यांनाही सोबत घ्या. खालच्या मजल्यावर तान्हं मूल आहे, त्याला आधी."

लोक कुरकुरत उतरले. सेक्रेटरींनी वाटेत तिला गाठून विचारले की आयत्या वेळी हे काय, पण तिने त्यांनाही जिन्याकडे वळवले. सगळ्यात शेवटी ती आली. तिने मागे वळून पाहिले नाही.

अंगणात चहा वाटला जात होता. मिस्त्रींनी सगळे सांगितल्यावर सेक्रेटरी चिडून म्हणाले, "एका दारापायी तुम्ही सबंध शहरासमोर आमचं हसं केलंत." त्यांचा कप तोंडाशी होता तेवढ्यात वर आवाज झाला. तो फार मोठाही नव्हता. जड काहीतरी बसावे तसा एक आवाज, आणि त्याच्यामागून बराच वेळ काहीतरी ओतल्याचा. मास्तरीणबाईंच्या खिडकीतून धुळीचा लोट बाहेर आला आणि वाऱ्यावर काही हिरवी पाने खाली उतरली. बाई हातात कप घेऊन आपल्या खिडकीकडे बघत होत्या, आणि त्यांना कोणाच्या पदरात काही घालायचे सुचत नव्हते.

खालच्या मजल्यांना टेकू लावून झाल्यावर, काही दिवसांनी, मलबा काढायची परवानगी मिळाली. बायको म्हणाली, माती मीच काढीन. मिस्त्री तिच्यामागून जिना चढले. मास्तरीणबाईंचे दार अजून बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवलेले होते. बिनदाराच्या चौकटीतून खोली दिसत होती. वर आभाळ होते. पलंग मातीखाली गेला होता. उशी असते त्या जागी मधल्या वाफ्यातले एक झाड मुळांवरच्या मातीसकट सरळ उभे होते आणि त्याला नवी पालवी होती.

ती चौकटीत उभी राहिली.

"तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

त्याच सकाळी कळले, असे म्हणता आले असते. तिने ते मानले असते.

"पहिल्या दारापासून," मिस्त्री म्हणाले.

"आणि तुम्ही रंधा मारत राहिलात."

"हो."

"आणि साली मला आणून देत राहिलात."

"हो."

"माझ्यासाठी?"

मिस्त्रींनी मान डोलावली. तिने खाली बसून घमेले भरायला घेतले. माती काळी, भुसभुशीत, हाताला ऊबदार लागणारी होती. इतक्या वर्षांचा पाला, कोळसा, देठे, साली सगळे तिच्यात होते. घमेले भरल्यावर मिस्त्रींनी सवयीने दोन्ही हात पुढे केले. तिने ते पाहिले. मग एक गुडघा टेकून तिने घमेले आधी मांडीवर घेतले, मग छातीशी, आणि एकटीनेच डोक्यावर चढवले.

ती जिना उतरू लागली. मिस्त्री घाईने तिच्या पुढे झाले आणि तळाशी जाऊन त्यांनी फाटक उघडले. ते आपोआप मिटणारे फाटक होते, त्यांनीच बसवलेले. त्यांनी ते खांद्याने दाबून धरले. ती फलकाखालून बाहेर गेली, रस्त्याच्या कडेला घमेले रिकामे केले आणि पुन्हा आत आली.

दिवसभर ती माती बाहेर नेत राहिली, आणि दिवसभर मिस्त्री फाटक धरून उभे राहिले.